‘मोहिमेचा खर्च दुप्पट झाला’ हे कसं तपासायचं: अंतराळ प्रकल्पांचे आकडे नव्यानं वाचणाऱ्यांसाठी

आमच्या जळगावच्या घराशेजारी एक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली सकाळी सातला येतात ती रात्री जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये यावलकडची एक मुलगी वर्तमानपत्राची घडी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, गगनयान नऊ हजार कोटींचं होतं, आता वीस हजारांवर गेलं. मुलाखतीत विचारलं तर काय सांगू? पैसा वाया गेला म्हणू का?”

मी पाटबंधारे खात्यात एकोणतीस वर्षं होते, त्यातली बहुतेक प्रकल्प शाखेत. धरणाचा खर्च मंजुरीच्या वर गेला की ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ घ्यावी लागते. आम्ही तिला नुसतं ‘सुप्रमा’ म्हणतो. खानदेशात हा शब्द शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. अमळनेरजवळचं पाडळसे धरण दीडशे कोटींच्या आतल्या मंजुरीनं सुरू झालं आणि २०२३ च्या अखेरीस त्याची सुप्रमा ४,८९० कोटींवर गेली. असे प्रस्ताव तयार करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तरीसुद्धा त्या मुलीला मला लगेच उत्तर देता आलं नाही. पुढचे दोन महिने मी कागद जमवत बसले, आणि लक्षात आलं की धरणाच्या फायलीत मी वर्षानुवर्षं जो तक्ता भरत आले, तोच इथेही लागू पडतो. त्यात मी कुठे कुठे अडखळले ते खाली दिलं आहे, म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील.

हाताशी काय ठेवाल

- केंद्रीय मंत्रिमंडळानं मोहीम मंजूर केली त्या दिवसाचं पत्र सूचना कार्यालयाचं निवेदन. सुधारित मंजुरी असेल तर तेही.
- अंतराळ विभागाच्या अनुदानाच्या मागण्या. अर्थसंकल्पाबरोबर दरवर्षी येतात.
- अंतराळ विभागाचा वार्षिक अहवाल, आणि लोकसभा-राज्यसभेतली लेखी उत्तरं.
- कॅगचे अहवाल. परदेशी मोहीम असेल तर अमेरिकेच्या जीएओ या हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा नासाच्या मोठ्या प्रकल्पांवरचा वार्षिक अहवाल आणि नासाच्या महानिरीक्षकांचे अहवाल. सगळे फुकट वाचता येतात.
- लेबर ब्युरोचा ग्राहक किंमत निर्देशांक.
- एक वही, आडवी धरून रेघा मारलेली. एक्सेल येत असेल तर उत्तमच.

वर्तमानपत्राचं कात्रण या यादीत मुद्दाम घातलेलं नाही. कात्रणावरून प्रश्न सुचतो, पण वहीत आकडा लिहायचा तो मूळ कागदावरूनच.

१. पहिला आकडा कोणता, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कुठल्याही मोठ्या कामाचे तीन-चार ‘पहिले’ आकडे असतात. एक कुणीतरी भाषणात सांगितलेला, एक प्रस्तावातला, एक मंजुरीतला. भाषणातला आकडा म्हणजे पाण्यात म्हैस आणि वर मोल. यान कागदावरसुद्धा नीट उतरलेलं नसतं.

नासाच्या जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीचं पाहा. १९९० च्या दशकाच्या अखेरीला तिच्यासाठी एक ते साडेतीन अब्ज डॉलरचे अंदाज बोलले जात होते. २००९ मध्ये नासानं रीतसर जबाबदारी घेऊन जो आकडा सांगितला तो ४.९६ अब्ज होता. २०१८ मध्ये तो ९.६६ अब्जांवर गेला. सर्वांत जुना एक अब्जाचा अंदाज धरला तर वाढ जवळपास दहापट दिसते, २००९ चा धरला तर दुपटीच्या किंचित आत. दोन्ही आकडे छापून येतात आणि वाचणारा गोंधळतो.

माझा नियम असा: ज्या दिवशी सरकारनं पैसा द्यायचं कबूल केलं, त्या दिवसाचा आकडा पायाचा. आधीचे अंदाज शेजारच्या रकान्यात तारखेसह लिहा. ते फेकू नका, चौथ्या पायरीला लागतील.

२. आकड्याच्या पोटात काय काय आहे ते पाहा

चांद्रयान-२ चे ९७८ कोटी म्हणतात, त्यात यान व मोहिमेचे ६०३ आणि प्रक्षेपणाचे ३७५. चांद्रयान-३ चे ६१५ कोटी म्हणतात, त्यातही मोठा वाटा प्रक्षेपणाचाच. ‘तिसरं यान दुसऱ्यापेक्षा किती स्वस्तात झालं’ असं कौतुक होतं तेव्हा एक गोष्ट सुटते. चांद्रयान-२ चा ऑर्बिटर तेव्हा चंद्राभोवती फिरतच होता. तिसऱ्या मोहिमेत तो नव्यानं बांधावा लागला नाही, लँडरच्या संदेशवहनाला जुनाच उपयोगी पडला. आदल्या मोहिमेत केलेल्या खर्चावर पुढची मोहीम उभी राहिली. शेजाऱ्याची विहीर आधीच खोदलेली असेल तर त्याची पाइपलाइन स्वस्तच पडणार.

वेबच्या आकड्याचंही तसंच. ९.६६ अब्ज हा फक्त नासाचा वाटा. एरियन-५ अग्निबाण आणि काही उपकरणं युरोपनं दिली, काही कॅनडानं. ते पैसे त्यात नाहीत.

म्हणून वहीत प्रत्येक आकड्यासमोर पाच खुणा करायच्या: यान, प्रक्षेपण, जमिनीवरची केंद्रं, मोहीम चालवण्याचा खर्च, कायम नोकरीतल्या माणसांचे पगार. शेवटचा खर्च आपल्याकडे बहुतेक वेळा मोहिमेच्या रकमेत न दिसता अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली असतो. दोन आकड्यांच्या खुणा जुळत नसतील तर वजाबाकी करू नका. शंका राहिली तर तो खर्च धरून आणि वगळून, अशा दोन्ही रीतींनी गणित करून पाहा.

३. रुपया कोणत्या सालचा?

मंत्रिमंडळानं चांद्रयान-२ ला सप्टेंबर २००८ मध्ये ४२५ कोटींची मंजुरी दिली. उड्डाण जुलै २०१९ मध्ये झालं आणि आकडा ९७८ कोटींवर पोचला. सरळ पाहिलं तर दुपटीहून जास्त.

आता निर्देशांक लावा. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक सप्टेंबर २००८ मध्ये १४६ होता, जुलै २०१९ मध्ये ३१९. म्हणजे ४२५ गुणिले ३१९ भागिले १४६. उत्तर ९२९ कोटींच्या आसपास येतं.

मी हे गणित अभ्यासिकेच्या फळ्यावर केलं तेव्हा मुलं गप्प झाली. मला आवडलं, पण मी त्यांना लगेच थांबवलं. हे गणित कच्चं आहे. सगळा पैसा काही २०१९ मध्ये खर्च झाला नाही, आधीच्या वर्षांत थोडा थोडा गेला. शिवाय यानाला लागणारा माल म्हणजे घरातला किराणा नव्हे. काही भाग बाहेरून येतात आणि डॉलर त्या काळात पंचेचाळीसच्या घरातून एकोणसत्तरच्या घरात गेला. तेव्हा ‘सगळी वाढ महागाईचीच’ असं लिहू नका. ‘वाढीचा मोठा भाग महागाईनं समजतो’ एवढंच लिहा. धरणाच्या फायलीत आम्ही याला ‘दरसूचीतील बदल’ म्हणायचो आणि तो रकाना कायम सर्वांत वर असायचा.

४. वाढीचे तुकडे पाडा

ही खरी कामाची पायरी. इथे घाई करू नका.

सुप्रमाच्या प्रस्तावाला जोडलेला एक तक्ता असतो, वाढीची कारणं आणि प्रत्येकासमोर रक्कम. दरसूचीतील बदल, भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल, नवीन बाबी, अपुरी तरतूद, आस्थापना. भूसंपादन सोडलं तर बाकीचे रकाने अंतराळ मोहिमेलाही जसेच्या तसे बसतात. तीन रकान्यांकडे नीट पाहायला हवं.

*नवीन बाबी.* काम मुळात होतं त्यापेक्षा मोठं झालं का? चांद्रयान-२ च्या मूळ आखणीत लँडर रशिया देणार होता. २०११ मध्ये रशियाची फोबोस-ग्रुंट ही मंगळाकडे निघालेली मोहीम पृथ्वीच्या कक्षेतच अडकली आणि त्यानंतर लँडरचं सहकार्य बारगळलं. लँडर भारतानं स्वतः बनवला. म्हणजे ४२५ कोटींचं काम आणि ९७८ कोटींचं काम ही एकच कामं नव्हेत. जास्त काम करून जास्त खर्च आला असेल तर त्याला खर्चवाढ म्हणून दोष देता येत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा: हे जादा काम करायचं कुणी ठरवलं, आणि त्याला वेगळी मंजुरी होती का?

गगनयान इथेच बसतं. डिसेंबर २०१८ च्या मंजुरीत दोन मानवरहित उड्डाणं आणि एक मानवासह, अशी आखणी होती. मूळ रक्कम ९,०२३ कोटी. सप्टेंबर २०२४ मध्ये ११,१७० कोटी वाढवून एकूण २०,१९३ कोटी केले. त्यात भारतीय अंतरिक्ष स्थानकाच्या पहिल्या भागाचा विकास आला आणि डिसेंबर २०२८ पर्यंत आठ मोहिमा आल्या. हे नवं काम. पण त्याच निवेदनात पुढे एक जादा मानवरहित उड्डाण आणि चालू कार्यक्रमासाठी लागणारी जादा सामग्री यांचाही उल्लेख आहे. ते जुन्याच कामाचं. दोन्ही मिळून एकच रक्कम. म्हणून ‘११,१७० पैकी स्थानकाचे किती आणि मूळ गगनयानाचे किती?’ हा नेमका प्रश्न. माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून तुम्ही तो विचारू शकता, किंवा आपल्या खासदारांना संसदेत विचारायला सांगू शकता.

*अपुरी तरतूद.* याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका मध्यम प्रकल्पाचा अंदाज माझ्याकडे टंकलेखनासाठी आला. भूसंपादनाचा दर पेन्सिलीनं लिहिलेला होता, खोडून पुन्हा लिहिलेला, पुन्हा खोडलेला. कागद तिथे इतका पातळ झाला होता की मागच्या ओळी दिसत होत्या. साहेब म्हणाले, “शंभराच्या आत बसवा. आत बसलं तरच मंजूर होईल, पुढचं पुढे पाहू.” मी बसवलं. दहा वर्षांनी त्याच प्रकल्पाची सुप्रमा माझ्याच टेबलावर आली. ‘अपुरी तरतूद’ या रकान्यात जी रक्कम भरली, ती मूळची लपवलेली रक्कम होती. ज्यांच्या जमिनी गेल्या ते तोवर मोबदल्यासाठी खेटे घालत होते. ती गोष्ट मी विसरले नाही.

जेम्स वेबच्या बाबतीत २०१० मध्ये स्वतंत्र समितीनं हेच दाखवून दिलं. जॉन कसानी त्या समितीचे अध्यक्ष होते. तंत्रज्ञानाची कामगिरी चांगली आहे, दुखणं अंदाजपत्रकात आणि व्यवस्थापनात आहे, असा त्यांचा निष्कर्ष. सुरुवातीच्या वर्षांत अडचणींसाठी राखीव पैसाच पुरेसा ठेवला नव्हता. मग काम पुढे ढकललं गेलं आणि ढकललेलं काम महाग पडलं. पहिल्या पायरीत बाजूला लिहून ठेवलेले जुने अंदाज इथे कामाला येतात. ते मंजुरीच्या आकड्यापेक्षा सतत कमी आणि नंतरचे आकडे सतत जास्त असतील, तर मुळातच कमी दाखवलं का, ही शंका रास्त आहे.

*चुका.* वेबच्या इंजिनांच्या व्हॉल्व्हची सफाई चुकीच्या द्रावकानं झाली. २०१८ मध्ये प्रचंड आवाजाच्या चाचणीनंतर सूर्यपडद्याच्या आवरणाचे स्क्रू-वॉशर सुटून पडलेले सापडले. असे दोष कुणाच्याही कामात घडू शकतात. तपासायचं ते एवढंच की चूक जमिनीवर सापडली की आकाशात, आणि तिची किंमत कुणी भरली.

५. उशीर वेगळा मोजा

खर्चाच्या शेजारी महिन्यांचा रकाना हवाच. यान तयार असो वा नसो, अभियंते, स्वच्छ खोल्या, चाचणीकेंद्रं यांचं मीटर चालूच राहतं. बांधकाम थांबलं तरी रखवालदाराचा पगार थांबत नाही.

मंगळाच्या मोहिमांना तर उशीर परवडतच नाही, कारण योग्य संधी सव्वीस महिन्यांनी एकदा येते. नासाची इनसाइट मोहीम २०१६ मध्ये निघायची होती. फ्रान्समध्ये बनलेल्या भूकंपमापकाच्या निर्वात कवचाला गळती लागली, संधी हुकली, यान मे २०१८ मध्ये निघालं. सुमारे ६७५ दशलक्ष डॉलरच्या मोहिमेला जवळपास १५४ दशलक्ष जादा लागले. कामाचा आकार तोच आणि महागाई नगण्य, म्हणून ही वाढ निव्वळ दोष आणि उशिराची. असं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं, म्हणून सरावाला याच मोहिमेपासून सुरुवात करा.

गगनयानाच्या २०१८ च्या मंजुरीत पहिलं मानवी उड्डाण चाळीस महिन्यांत होईल असं म्हटलं होतं. ती मुदत २०२२ च्या एप्रिलच्या सुमारास संपली. खर्चाच्या वादात हा उशीर झाकला जाऊ देऊ नका.

६. करार कसा आहे ते विचारा

‘खर्च अधिक नफा’ अशा करारात ठेकेदाराला झालेला सगळा खर्च मिळतो, वर ठरलेला नफा. नासाच्या एसएलएस अग्निबाणाची बरीच कामं अशी होती. २०१६ च्या अखेरीस तयार व्हायचा तो नोव्हेंबर २०२२ मध्ये उडाला. माणसाला पुन्हा चंद्राकडे नेणाऱ्या आर्टेमिस कार्यक्रमाच्या पहिल्या चार उड्डाणांचा खर्च अग्निबाण, यान आणि जमिनीवरची यंत्रणा मिळून प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलर पडेल, असं नासाच्या महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये सांगितलं. विकासाचा खर्च त्यात धरलेला नाही.

याउलट २०१४ मध्ये अंतराळवीर नेण्यासाठी नासानं ठरावीक रकमेचे करार केले. बोइंगशी सुमारे ४.२ अब्जांचा, स्पेसएक्सशी २.६ अब्जांचा. बोइंगचं काम रखडलं आणि दीड अब्ज डॉलरहून जास्त तोटा कंपनीला स्वतःच्या खिशातून सोसावा लागला. खर्च वाढला, पण जनतेचा नाही. बातमीत दोन्हीकडे ‘खर्च वाढला’ असंच छापतात.

७. वर्षाचा आकडा म्हणजे मोहिमेचा आकडा नव्हे

अर्थसंकल्पात तीन रकाने असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. २०२३-२४ ला अंतराळ विभागाचा अर्थसंकल्पीय अंदाज सुमारे १२,५४४ कोटी होता, सुधारित अंदाज ११,०७० कोटींवर आला. नवीन माणूस म्हणतो, दीड हजार कोटी वाचले. सरकारी कचेरीत मार्चअखेर ज्यानं काढली आहे तो असं म्हणणार नाही. न वापरलेला पैसा बहुतेक वेळा न झालेल्या कामाचा असतो आणि ते काम पुढच्या साली चढ्या दरानं करावं लागतं. सलग पाच वर्षांचे तिन्ही रकाने एकाखाली एक लिहिल्याशिवाय काही बोलू नका.

८. तुलनेचे सापळे

मंगळयान ४५० कोटींत झालं, किलोमीटरमागे रिक्षाच्या भाड्यापेक्षा स्वस्त, हे आपण सगळ्यांनी अभिमानानं ऐकलं. अभिमान मलाही आहे. पण त्याच सप्टेंबर २०१४ मध्ये, दोनच दिवस आधी, नासाचं मेव्हन मंगळावर पोचलं होतं. त्याचा खर्च ६७१ दशलक्ष डॉलर. मंगळयानावरची वैज्ञानिक उपकरणं पंधरा किलोंची, मेव्हनवरची पासष्ट किलोंची. अग्निबाण वेगळे, पगाराचे दर वेगळे. आणि मेव्हन स्वतःच्या मंजूर खर्चाच्या आत पूर्ण झालं! महाग असणं आणि खर्च हाताबाहेर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोहिमेची तुलना आधी तिच्या स्वतःच्या मंजुरीशी करायची, शेजारणीशी नंतर.

९. निवाडा लिहिताना

किती वाढ झाली म्हणजे फार? अमेरिकेत याला कायद्याची पट्टी आहे. विकासाचा खर्च पायाच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांनी वाढण्याची चिन्हं दिसली की नासाला संसदेला कळवावं लागतं. ३० टक्के ओलांडले तर संसदेची नव्यानं परवानगी लागते, नाहीतर काम थांबतं. शिवाय २००९ पासून मोठ्या प्रकल्पाचा आकडा ठरवताना, ठरल्या खर्चात आणि ठरल्या मुदतीत काम होण्याची शक्यता ७० टक्के असावी असं धोरण आहे. आपल्या मोहिमांनाही मी हीच पट्टी लावून पाहते, पण नवीन बाबी आणि महागाई वजा केल्यावर. आधी नाही.

यावलच्या मुलीला मी शेवटी हे लिहून दिलं: “गगनयानाची मंजूर रक्कम सव्वादोन पटीच्या आसपास गेली. त्यात अंतरिक्ष स्थानकाचं नवं काम आहे, म्हणून सगळी वाढ खर्चवाढ नव्हे. मूळ कामासाठीही जादा उड्डाण आणि सामग्री लागली आणि मूळ मुदत उलटली. दोन्हींची रक्कम सरकारनं वेगवेगळी सांगायला हवी.” चार वाक्यं. प्रत्येकाखाली एक सरकारी कागद आहे.

हिशेब मागण्यात काही वावगं आहे असं कुणी म्हटलं तर त्यांना चाळीसगावजवळच्या पाटणला घेऊन जा. तिथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, त्याला राजानं दिलेल्या दानाची नोंद त्यावर आहे. विकल्या जाणाऱ्या मालावर मठाला काय द्यायचं, घाण्याचं तेल किती द्यायचं, सगळं दगडावर कोरलेलं. आमच्या मुलखात आकाशाच्या अभ्यासाला लोकांचा पैसा आठशे वर्षांपूर्वी लागत होता आणि त्याचा तपशील येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येत होता.

वहीचं पहिलं पान आजच भरायला घ्या. चांद्रयान-४, मंजुरी १८ सप्टेंबर २०२४, रक्कम २,१०४.०६ कोटी, मुदत मंजुरीपासून ३६ महिने, काम: चंद्रावरची माती पृथ्वीवर आणणं. खाली पाच खुणांचे चौकोन आखा आणि सप्टेंबर २०२४ चा निर्देशांक लिहून ठेवा. पुढची ओळ रिकामी सोडा.